फॉरमॅट करूनही कंपनीची ॲप परत येतात? आधी ती कुठून येतात ते शोधा

भाचीचा फोन आला तेव्हा ती रडवेली झाली होती. "मामा, पेपर चालू असताना दोनदा ते पॉप-अप आलं. परीक्षेच्या सॉफ्टवेअरनं 'दुसरा प्रोग्राम उघडला' अशी नोंद केलीय. मी काहीच उघडलं नव्हतं."

ती नाशिकला गंगापूर रोडला राहून शिकते. लॅपटॉप दिवाळीत घेतलेला. ८ जीबी रॅम, ५१२ जीबीचा एसएसडी, म्हणजे तिच्या अभ्यासाला पुरून उरेल असा. पण खोक्यातून काढला त्या दिवसापासून त्यात एका अँटिव्हायरसची ३० दिवसांची चाचणी आवृत्ती होती, दोन गेम होते, खरेदीचं एक ॲप होतं आणि लॅपटॉपच्या कंपनीचे स्वतःचे तीन 'मदतनीस' होते. चाचणीची मुदत संपली आणि 'तुमचा संगणक धोक्यात आहे' हे पॉप-अप दिवसातून अनेकदा येऊ लागलं. पेपरात आलं ते हेच.

मी एकेक ॲप काढलं. आठवड्याभरात दोन परत आली. विंडोजमधलं 'रिसेट धिस पीसी' केलं, तर सगळीच्या सगळी परत आली. पुढे मी बाहेरगावी असताना भावजींनी तो महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात नेला. "फॉरमॅट मारून देतो दादा, ५०० रुपये." परत आणला तेव्हा कंपनीची ॲप गेली होती, पण लॅपटॉपबरोबर मिळालेलं मायक्रोसॉफ्टचं ऑफिसही गेलं होतं. मूळच्या विंडोज होमच्या जागी चोरीचं प्रो बसवलेलं होतं, आणि वर दोन अनोळखी ब्राउझर आणि एक 'ड्रायव्हर अपडेटर'. शेवटी मीच मायक्रोसॉफ्टचं विंडोज पेन ड्राइव्हवर घेतलं, एसएसडी पूर्ण पुसला आणि कोऱ्यावर बसवलं. डेस्कटॉप दिसला, आणि मिनिटाभरात उजव्या कोपऱ्यात कंपनीच्या मदतनीसाचा चौकोन हजर. पुसलेल्या डिस्कवर कंपनीची एकही फाइल उरलेली नव्हती, तरीही.

त्यानंतर या एका गोष्टीच्या मागे मी बरेच दिवस लागलो. भाचीचा, शेजारच्या काकांचा आणि ऑफिसातल्या दोघांचा असे चार लॅपटॉप या काळात साफ केले. कळलं ते एवढंच की नको असलेलं सॉफ्टवेअर यायला एकच दार नसतं. आपण एक दार लावतो आणि ते दुसऱ्यानं आत येतं, म्हणून वाटतं की फॉरमॅटचा काही उपयोगच होत नाही. दार कोणतं हे ओळखलं की काम सोपं आहे, आणि ते ओळखायची खूण म्हणजे ॲप परत कधी येतं ती वेळ.

परत कधी येतं, ते बघा

'रिसेट'नंतर लगेच सगळी ॲप पहिल्यासारखी दिसली तर ती तुमच्याच डिस्कमधून आली आहेत. सी ड्राइव्हमध्ये 'रिकव्हरी' नावाचं लपवलेलं फोल्डर असतं. कारखान्यात लॅपटॉप तयार करताना कंपनी आपल्या ॲपचं गाठोडं त्यात ठेवून देते, आणि रिसेट करताना विंडोज ते प्रामाणिकपणे पुन्हा सोडतं. रिसेटमध्ये 'क्लाउड डाउनलोड' आणि 'लोकल रीइन्स्टॉल' असे दोन पर्याय असतात. क्लाउड निवडलं की सगळं इंटरनेटवरून कोरं येतं असा अनेकांचा समज आहे, माझाही होता. पण क्लाउडवरून येतं ते फक्त विंडोज. कंपनीचं गाठोडं घरातलंच वापरलं जातं. काही लॅपटॉपवर रिसेटच्या 'चेंज सेटिंग्ज'मध्ये 'आधी आलेली ॲप परत आणायची का' असा प्रश्न असतो. तो दिसला तर 'नाही' करा. तेवढ्यानं भागलं तर पुढचं बरंचसं काम वाचेल.

एका खात्यातून ॲप काढलं आणि त्याच लॅपटॉपवर नवं खातं उघडताच तिथं ते दिसलं, तर कारण वेगळं आहे. स्टोअरच्या प्रकारातली ॲप विंडोजमध्ये दोन ठिकाणी नोंदलेली असतात. एक नोंद तुमच्या खात्यापुरती, दुसरी 'यापुढे येणाऱ्या प्रत्येक खात्याला हे द्या' अशी. 'अनइन्स्टॉल'वर क्लिक केलं की पहिली नोंद जाते, दुसरी तशीच राहते. काकांच्या लॅपटॉपवर हेच होत होतं. ते, काकू आणि नातू अशी तीन खाती, आणि तिघांकडे तेच गेम.

पेन ड्राइव्हवरून कोरं विंडोज बसवलं, पण वाय-फाय जोडल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी कंपनीचं ॲप आलं, तर ते विंडोजनेच आणलेलं असतं. लॅपटॉप कोणत्या कंपनीचा आहे हे विंडोज ओळखतं आणि त्या उपकरणासाठी कंपनीनं नेमून दिलेलं ॲप आपणहून उतरवतं.

आणि इंटरनेट जोडायच्या आधीच, अगदी पहिल्या सुरुवातीला कंपनीचा चौकोन दिसला, तर ते मदरबोर्डवरच्या चिपमधून, म्हणजे बायोसमधून आलेलं आहे. भाचीच्या लॅपटॉपचं दुखणं हे होतं. डिस्क शंभर वेळा पुसली तरी याला धक्का लागत नाही, कारण ते डिस्कवर नसतंच.

राहिलं दुकानाचं दार. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात ॲक्टिव्हेशन बघा. लॅपटॉपच्या खोक्यावर 'होम' लिहिलेलं आणि इथं 'प्रो' दिसत असेल, किंवा घरच्या लॅपटॉपवर 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने चालू केले' अशा अर्थाची ओळ असेल, तर कुणीतरी क्रॅक, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा प्रोग्राम, वापरला आहे. असे क्रॅक चालावेत म्हणून विंडोजचं स्वतःचं संरक्षण बंद केलेलं किंवा त्याला काही फोल्डर तपासायला मनाई केलेली असते. अशा लॅपटॉपवरून नेट बँकिंग करू नका. मी हे कळवळून सांगतोय, कारण ज्या लॅपटॉपमध्ये पैसे मोजून घेतलेला अस्सल परवाना आहे त्यावर चोरीचा बसवायची काहीच गरज नसते. विंडोज ८ पासून कंपन्या परवान्याची किल्ली बायोसमध्येच ठेवतात. मायक्रोसॉफ्टचं विंडोज बसवायला घेतलं की ते ती किल्ली आपोआप वाचतं, योग्य आवृत्ती निवडतं आणि इंटरनेट मिळताच चालू होतं. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती असते. तीही त्याच पेन ड्राइव्हमध्ये असते, वेगळी शोधावी लागत नाही.

नुसती अनइन्स्टॉल करून का भागत नाही, असं कुणी विचारलं तर मी २०१५ सालचं उदाहरण देतो. लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर सप्टेंबर २०१४ पासून 'सुपरफिश' नावाचा जाहिरातींचा प्रोग्राम आधीच बसवून दिला जात होता. सुरक्षित संकेतस्थळांवरही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्यानं विंडोजमध्ये स्वतःचं मूळ प्रमाणपत्र (संकेतस्थळ खरं असल्याची ग्वाही देणारं) टाकलं होतं, आणि सगळ्या लॅपटॉपवर त्याची गुप्त किल्ली एकच होती. ती किल्ली हाती लागलेला कुणीही बँकेचं खोटं संकेतस्थळ खरं म्हणून दाखवू शकला असता. प्रोग्राम काढला तरी प्रमाणपत्र मागे राहत होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झालं, आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी कंपनीला तडजोड करावी लागली. म्हणून माझं मत असं की नवा लॅपटॉप आणला की त्यात काही साठवायच्या आधीच तो एकदा कोरा करून घ्यावा. जुना असेल तर आणखी काळजीनं.

पुसण्याआधीचा एक दिवस

या कामात लोकांचं खरं नुकसान होतं ते इथं, म्हणून इथं घाई करू नका.

पहिली गोष्ट डी ड्राइव्हची. "माझं सगळं डीमध्ये आहे, सी पुसला तरी चालेल," हे वाक्य मी चारही लॅपटॉपच्या वेळी ऐकलं. बहुतेक लॅपटॉपमध्ये आत एकच एसएसडी असतो. सी आणि डी हे त्याचेच दोन वाटे. आपण सगळे वाटे पुसणार आहोत, तेव्हा डीमधले फोटोही जाणार. बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्या, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकाला लावून त्यातल्या चार फाइल उघडून बघा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स विसरू नका. लोकांचं अर्धं आयुष्य डेस्कटॉपवर असतं.

ऑफिस. लॅपटॉपबरोबर 'होम अँड स्टुडंट' मिळालं असेल तर वर्ड उघडा, 'अकाउंट'मध्ये जा आणि ते कोणत्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलंय ते कागदावर लिहून ठेवा. नंतर त्याच खात्यातून ते फुकट परत उतरवता येतं. ऑफिस एकदाही उघडलेलं नसेल तर पुसण्याआधी उघडून खात्याला जोडून घ्या. भाचीचं ऑफिस दुकानानंतर दिसेनासं झालं होतं, ते असंच परत मिळालं. सुदैवानं लॅपटॉप विकत घेतला त्या दुकानातल्या मुलानं तो देताना तिचा ईमेल टाकून ठेवला होता.

टॅली वापरणाऱ्यांनी हे नीट वाचावं. शेजारचे काका पिंपळगाव बसवंतच्या काही द्राक्ष बागायतदारांचे हिशेब सांभाळतात, आणि ऐन हंगामात, मार्चअखेरीला त्यांचा लॅपटॉप असा रखडत होता की एक व्हाउचर उघडायला चहा संपायचा. टॅलीचा डेटा बहुतेकदा 'डॉक्युमेंट्स'मध्ये नसतो. तो नेमका कुठं आहे ते टॅलीतच बघा, टॅलीतूनच बॅकअप घ्या, आणि मग परवाना 'सरेंडर' करा. सरेंडर न करता डिस्क पुसली तर नव्यानं चालू करताना अडचण येते. डिजिटल सही असलेली यूएसबी टोकन वापरत असाल तर तिचा ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण चालवता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम) कुठून घेतला होता तेही आठवून ठेवा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर असलेल्यांनी फॉन्ट आणि परवाना आधी जपावा. तो फॉन्ट नसेल तर जुन्या पत्रिका, ठराव, लग्नाचे मायने, सगळं अगम्य अक्षरांत दिसेल.

चौथी गोष्ट अनेकांना माहीतच नसते. सध्याच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते, न विचारता. बायोसमध्ये काही बदललं की निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात 'रिकव्हरी की' या नावाखाली असते. फोनवर खातं उघडून ती आधी बघून घ्या.

पेन ड्राइव्ह आणि प्रत्यक्ष काम

किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाईल. शक्यतो दुसऱ्या, धड चाललेल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवा आणि ते सांगेल तसं करत जा. मित्रानं टेलिग्रामवरून दिलेलं 'लाइट' विंडोज घेऊ नका. त्यात काय कमी केलंय हे सांगतात, काय वाढवलंय हे कुणी सांगत नाही. लॅपटॉप जुना असेल तर आधी तपासा: विंडोज ११ ला टीपीएम २.० (लॅपटॉपमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण ८ व्या पिढीपासूनचा प्रोसेसर. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे नव्यानं बसवायचंच असेल तर ११ बसवा.

पेन ड्राइव्हवरून सुरू करायला कंपनीनुसार वेगळं बटण असतं. डेल, लेनोव्होला एफ १२, एचपीला एफ ९, एसुसला एस्केप. बटण सापडत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट' करा आणि 'यूज अ डिव्हाइस' निवडा. चार्जर लावलेला असू द्या. निफाड-दिंडोरीकडच्या गावांत वीज जाते-येते, तिथं लॅपटॉपची बॅटरी आधी पूर्ण भरून घ्या आणि मगच बसा.

सुरुवातीच्याच पडद्यावर भाषेखाली वेळ आणि चलनाचा प्रकार विचारतात. तिथं 'इंग्लिश इंडिया' ऐवजी 'इंग्लिश वर्ल्ड' निवडा. स्टार्ट मेन्यूत येणारी बाहेरच्या कंपन्यांची ॲप देशानुसार वाटली जातात. 'वर्ल्ड' हा कुठलाच देश नसल्यानं वाटायला यादीच मिळत नाही. पुढे सुरुवातीच्या प्रश्नांत प्रदेशाबद्दल एक चूक दाखवली जाईल, तिथं 'स्किप' करा. सगळं झाल्यावर सेटिंग्जमधून देश भारत करा, नाहीतर स्टोअर नीट चालत नाही. भाचीच्या आणि काकांच्या दोन्ही लॅपटॉपवर ही युक्ती लागू पडली.

मग 'कस्टम' निवडून डिस्कचे सगळे वाटे एकेक करून पुसा, फक्त 'अनअलोकेटेड स्पेस' अशी एकच ओळ उरेपर्यंत. आत दोन डिस्क असतील तर आकार बघून योग्य तीच निवडा. कंपनीचा रिकव्हरीचा वाटाही यात जातो. भीती वाटत असेल तर डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या कारखान्यातली मूळ प्रत लॅपटॉपवरच्या नंबरवरून नंतरही उतरवू देतात.

इथं एक अडथळा हमखास येतो. वाटे दिसायच्या ऐवजी यादी रिकामी! एसएसडी बिघडलेला नसतो. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क 'व्हीएमडी' नावाच्या यंत्रणेमागे असते आणि तिचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हमधल्या विंडोजकडे नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा 'इंटेल रॅपिड स्टोरेज' ड्रायव्हर आधीच उतरवा, तो उलगडून त्याच पेन ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि 'लोड ड्रायव्हर' वर क्लिक करून तो दाखवा. डिस्क लगेच दिसते. काकांच्या वेळी रात्री ११ वाजता हे लक्षात आलं आणि सगळं सकाळवर गेलं.

दुसरा अडथळा वाय-फायचा. होम आवृत्ती सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागते, आणि नव्या लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड कोऱ्या विंडोजला कधीकधी ओळखता येत नाही. अँड्रॉइड फोन केबलनं जोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

पण फोन जोडण्याआधी थांबा. देश विचारणारा पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ १० एकत्र दाबा. काही कीबोर्डवर एफएन हे बटणही बरोबर दाबावं लागतं. काळी खिडकी उघडेल. तिथं नोटपॅडचं नाव इंग्रजीत टाका. नोटपॅडच्या 'ओपन'मधून सी ड्राइव्ह, विंडोज, 'सिस्टिम ३२' असं जा, खाली 'ऑल फाइल्स' निवडा आणि डब्ल्यू अक्षरावर 'डब्ल्यूपीबीबिन' नावाची फाइल आहे का बघा. नसेल तर सुटलात, खिडक्या बंद करून पुढे चला. असेल तर तुमचा लॅपटॉप भाचीच्या लॅपटॉपसारखा आहे.

बायोसमधलं दार

विंडोज ८ च्या वेळी मायक्रोसॉफ्टनं एक सोय केली. तिचं नाव 'विंडोज प्लॅटफॉर्म बायनरी टेबल'. लॅपटॉपच्या बायोसमध्ये एक छोटा प्रोग्राम ठेवायचा, आणि विंडोज सुरू होताना त्यानं तो उचलून वर सांगितलेल्या नावानं डिस्कवर लिहायचा आणि चालवायचा. हेतू समजण्यासारखा होता. चोरीला गेलेल्या लॅपटॉपचा माग काढणारा प्रोग्राम चोरानं डिस्क पुसली तरी टिकावा. पण दार उघडं राहिलं आणि त्यातून कंपन्यांचे मदतनीसही आत येऊ लागले. ऑगस्ट २०१५ मध्ये लेनोव्होचं 'सर्व्हिस इंजिन' याच वाटेनं कोऱ्या विंडोजवर येतं हे उघड झालं. त्यात सुरक्षेची त्रुटी निघाली, मायक्रोसॉफ्टनं नियम कडक केले आणि लेनोव्होनं ते बंद करणारा नवा बायोस दिला. टेबल मात्र आजही आहे, आणि ते वापरणारे लॅपटॉप आणि मदरबोर्ड आजही बाजारात आहेत.

उपाय बायोसमध्येच शोधायचा. लॅपटॉप सुरू करताना एफ २ किंवा डिलीट दाबून आत जा आणि 'ॲडव्हान्स्ड' किंवा 'टूल्स' या पानांवर कंपनीच्या ॲपचं नाव आणि 'इन्स्टॉल' किंवा 'डाउनलोड' असा शब्द एकत्र कुठं दिसतो का बघा. भाचीच्या लॅपटॉपवर तो पर्याय तिसऱ्या पानावर, अगदी तळाशी होता आणि 'एनेबल्ड' होता. तो बंद केला, पेन ड्राइव्हवरून पुन्हा एकदा कोरं विंडोज बसवलं, शिफ्ट-एफ १० करून पाहिलं. फाइल नव्हती. तो क्षण मला अजून आठवतो.

पर्याय दिसत नसेल तर आधी कंपनीच्या संकेतस्थळावर बायोसची नवी आवृत्ती आहे का बघा. काही वेळा पर्याय नव्या आवृत्तीत येतो. बायोस बदलताना चार्जर लावलेला हवा, बॅटरी भरलेली हवी, आणि डिस्कचं कुलूप तात्पुरतं थांबवलेलं हवं. मध्ये वीज गेली तर लॅपटॉप सुरूच न होण्याचा धोका असतो.

तरीही पर्याय नसेल तर विंडोजला सांगता येतं की बायोसमधलं काही चालवू नकोस. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची नोंदवही. रजिस्ट्री एडिटरमध्ये 'लोकल मशीन', 'सिस्टिम', 'करंट कंट्रोल सेट', 'कंट्रोल', 'सेशन मॅनेजर' असं उतरत जा. तिथं ३२ बिटांची नवी 'डी-वर्ड' किंमत तयार करा. तिचं नाव इंग्रजीत, मोकळी जागा न सोडता तीन शब्द सलग: डिसेबल, डब्ल्यूपीबीटी, एक्झिक्युशन. किंमत १. मग आलेला मदतनीस अनइन्स्टॉल करा, ती 'सिस्टिम ३२' मधली फाइल पुसा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. फाइल परत आली नाही तर दार लागलं. पुढे कधी नव्यानं विंडोज बसवलं तर हे पुन्हा करावं लागतं, कारण ही सूचना डिस्कवर आहे आणि प्रोग्राम चिपमध्ये. रजिस्ट्रीत पहिल्यांदाच जात असाल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा, आणि सांगितलंय तेवढंच बदला.

डेस्कटॉप दिसल्यावर

जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम, 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज', 'हार्डवेअर', 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' असं जा आणि 'नो' निवडा. इंटरनेटवरून आपोआप येणारी कंपनीची ॲप बहुतेक वेळा इथून थांबतात. 'उपकरण नीट चालणार नाही' असा इशारा शेजारी असतो, पण चारही लॅपटॉपवर आवाज, वाय-फाय, टचपॅड यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून व्यवस्थित आले. तोवर एखादं ॲप उतरलंच असेल तर एकदाच काढा. अपडेट पूर्ण होऊ द्या, मग 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून पिवळी खूण कुठं आहे का बघा. असेल तेवढाच ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. तिथलं पहिलं, मोठं बटण बहुधा मदतनीस उतरवायचं असतं. सीरियल नंबर टाकून हातानं यादी उघडा.

वेगळा अँटिव्हायरस नसला की विंडोजचा 'डिफेंडर' आपोआप चालू राहतो. घरच्या वापराला तो पुरतो.

कंपनीचं सगळंच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. काकांचा लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असतो. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय त्यांच्या कंपनीच्या एकाच ॲपमध्ये आहे, म्हणून ते एक ॲप आम्ही समजून-उमजून परत घेतलं. बाकीची दोन घेतली नाहीत.

मराठी टंकलेखनासाठी सेटिंग्जमध्ये भाषा जोडा आणि 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड निवडा. २०१९ च्या मे महिन्यापासून तो विंडोजमध्येच आहे, वेगळं काही उतरवायला नको. 'सिंगल लँग्वेज' आवृत्ती असली तरी कीबोर्ड जोडता येतो.

भाचीच्या लॅपटॉपवर हे सगळं करून तीन महिने झाले. मध्ये तिचे दोन पेपर झाले आणि एकही पॉप-अप आलं नाही. परवा मी पुन्हा 'सिस्टिम ३२' उघडून पाहिलं, ती फाइल नाही. पेन ड्राइव्हवर तारीख आणि 'भाचीचा, व्हीएमडी ड्रायव्हरसह' अशी चिठ्ठी चिकटवून तो मी लॅपटॉपच्या मूळ खोक्यात ठेवून दिलाय.